नामांकनांची यादी आणि आपली मुले

नाताळ जवळ आला की आयर्लंडमध्ये चित्रपट-पुरस्कारांच्या चर्चेला उधाण येते. अमेरिकेची ऑस्कर अकादमी डिसेंबरात परभाषिक चित्रपटांपैकी पंधरांची निवड जाहीर करते, जानेवारीत त्यांतील पाचांना नामांकन मिळते आणि मार्चमध्ये विजेता ठरतो. लंडनचे बाफ्टा आणि डब्लिनचे आयरिश अकादमीचे पुरस्कार याच सुमारास येतात. क्लोनडॉकिनमधील आपली मुले यांपैकी काही चित्रपट लिफ्फी व्हॅलीच्या चित्रपटगृहात पाहतात, शाळेत त्यांवर बोलतात. आईवडील मात्र बहुधा एवढेच विचारतात, "यंदा आपले कोणी आहे का?" प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु या "आपले" शब्दाचा अर्थ काय, याचा विचार येता हंगाम सुरू होण्यापूर्वीच करून ठेवावा, असे आम्हास वाटते.

भारत दरवर्षी या विभागासाठी एकच चित्रपट पाठवितो. आजवर केवळ तीन भारतीय चित्रपटांना येथे नामांकन लाभले : 'मदर इंडिया', 'सलाम बॉम्बे' आणि २००२ साली आशुतोष गोवारीकर यांचा 'लगान'. 'लगान'मधील अस्पृश्य खेळाडू वाचकांना आठवत असेल. त्याचे नाव 'कचरा'. त्याला संघात घ्यावे की नाही यावर गावकरी वाद घालतात, त्याच्या बाजूने नायक भाषण करतो. ज्याच्याविषयी हे सारे चालले आहे तो मात्र जवळजवळ मुकाच राहतो. जगाने त्या चित्रपटाला टाळ्या दिल्या आणि आपणही आनंदाने सहभागी झालो. पण आपला माणूस पडद्यावर आला म्हणजे आपली बाजू मांडली गेली असे होत नाही, हे त्या टाळ्यांत आपल्या ध्यानात आले नाही.

त्यानंतर चित्र काहीसे पालटले आहे. २०२२ साली 'रायटिंग विथ फायर' या माहितीपटाला नामांकन मिळाले. त्याचा विषय 'खबर लहरिया' हे दलित स्त्रियांनी उभे केलेले बुंदेलखंडचे वृत्तपत्र. पुरस्कार सोहळ्यापूर्वीच त्या वृत्तपत्राने जाहीर केले की चित्रपटाने आमच्या कार्याचा एकच भाग दाखविला असून चित्र अपुरे आहे. दोन्ही बाजूंचे गुणदोष काहीही असोत; ज्यांची कथा, त्यांनी तिच्या मांडणीविषयी जगापुढे मत देणे हीच आमच्या दृष्टीने त्या हंगामातील मोठी घटना होती. डिसेंबर २०२४ च्या पंधरांत ब्रिटनने पाठविलेला संध्या सुरी यांचा 'संतोष' होता. एका दलित मुलीच्या खुनाच्या तपासाची ती कथा. परदेशात तो सर्वत्र गाजला, पण सेन्सॉर मंडळाच्या आक्षेपांमुळे २०२५ मध्ये भारतातील त्याचे प्रदर्शन अडले.

२०२५ साली भारताने नीरज घायवान यांचा 'होमबाउंड' पाठविला. आपण दलित कुटुंबातून आलो आहोत, हे घायवान यांनी जाहीरपणे सांगितलेले आहे. पोलीस भरतीची स्वप्ने पाहणारे चंदन आणि शोएब हे दोन मित्र, एक दलित, दुसरा मुसलमान. आणि २०२० च्या टाळेबंदीतील त्यांचा घराकडचा प्रवास, हे त्याचे कथानक. १६ डिसेंबर २०२५ रोजी तो पंधरांत आला, २२ जानेवारी २०२६ रोजी पाचांत मात्र आला नाही. अनेकांना हळहळ वाटली. आमच्या मनात राहिला तो चंदनचा संकोच. कोणी पूर्ण नाव विचारले की तो अडखळतो. त्याच्या त्या क्षणभराच्या थांबण्यात काय आहे, हे आपल्यापैकी कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

आणि येथेच खरी अडचण सुरू होते. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' हा मराठी चित्रपट २०१५ साली भारताची प्रवेशिका होता. त्यातील नारायण कांबळे या लोकशाहिरावर खटला भरला जातो, कारण त्याच्या गाण्यामुळे म्हणे एका गटार-कामगाराने जीव दिला. ही भूमिका नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते आणि 'विद्रोही'चे संपादक वीरा साथीदार यांनी केली. १३ एप्रिल २०२१ रोजी कोरोनाने त्यांना आपल्यातून नेले. चित्रपटातील गाणी संभाजी भगत यांची. 'कांबळे' हे आडनाव ऐकताच मराठी प्रेक्षकाला जे कळते, ते लॉस एंजेलिसच्या मतदाराला पडद्याखालच्या इंग्रजी सबटायटल्समधून कळत नाही. भाषांतर शब्दांचे होते. आडनावाचे होत नाही. 'कोर्ट' अंतिम पाचांत आला नाही, त्याचे कारण एवढेच होते असे आम्ही म्हणत नाही. परंतु आयर्लंडमध्ये वाढलेल्या आपल्या मुलामुलींची स्थिती त्या मतदाराहून वेगळी आहे काय, हा प्रश्न प्रत्येक घराने स्वतःस विचारावा.

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' घ्या. दिग्दर्शकाच्या पदार्पणासाठी आणि बालकलाकार सोमनाथ अवघडे याच्यासाठी त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. त्यात मेलेले डुक्कर खांद्यावर घेऊन जाणारे कुटुंब शाळेच्या भिंतीवरून जाते, आणि त्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, शाहू महाराज, गाडगेबाबा यांची चित्रे रंगविलेली असतात. तेथे कोणी एक शब्दही बोलत नाही, त्यामुळे सबटायटलही नाही. ज्या मुलाला ते चेहरे ठाऊक नाहीत त्याला तेथे फक्त एक भिंत दिसेल.

काही पालक म्हणतात, मुलांना या साऱ्यापासून मुक्त करण्यासाठीच तर आपण येथे आलो. मग तो अपमान त्यांना पुन्हा पडद्यावर कशाला दाखवायचा? या म्हणण्यामागची माया आम्ही जाणतो. पण आडनाव विचारणारी माणसेही विमानात बसून येथवर आली आहेत. तो प्रश्न मुलांना कधीतरी येणारच. तेव्हा त्यांनी चंदनसारखे अडखळू नये असे वाटत असेल, तर उत्तर आधी घरात मिळाले पाहिजे. शिवाय या चित्रपटांत केवळ अपमान नाही. 'फँड्री'तील जब्याने अखेरीस भिरकावलेला दगड आहे, 'कोर्ट'मधील शाहिराचा डफ आहे, 'झुंड'मध्ये नागपूरच्या वस्तीत निघालेली भीमजयंतीची मिरवणूक आहे.

या बाबतीत ज्या गावात आपण राहतो त्याच्याकडून शिकण्यासारखे आहे. क्लोनडॉकिनमध्ये आयरिश माध्यमाच्या शाळा आहेत, आरस क्रोनान हे आयरिश भाषेचे केंद्र आहे. २०२३ साली 'अन कॅलिन क्यून' हा ऑस्कर नामांकन मिळालेला पहिला आयरिश भाषिक चित्रपट ठरला. ते यश एका रात्रीत आले नाही. आयरिश भाषिकांनी चळवळ करून १९९६ मध्ये स्वतःची दूरचित्रवाणी वाहिनी मिळविली, पुढे त्या भाषेतील चित्रपटांसाठी निधीची योजना उभी राहिली, आणि मग तो चित्रपट निर्माण झाला. इकडे क्लोनडॉकिनच्या आयरिश शाळांतील मुलांना भाषा अवगत होती. प्रेक्षक आधीच तयार होता. मराठी चित्रपट पाहताना आपली मुले मात्र इंग्रजी ओळींवर नजर लावून बसतात.

म्हणून एक सूचना करावीशी वाटते. पुरस्कारांचा हा हंगाम आणि आपले दोन मोठे दिवस योगायोगाने एकमेकांना लागून आहेत. ६ डिसेंबर ते १४ एप्रिल या काळात महिन्यातून एकदा चार-पाच कुटुंबांनी एखाद्या घरी किंवा भाड्याच्या सभागृहात एकत्र यावे आणि एक चित्रपट पाहावा. लहानांसाठी 'फँड्री', थोड्या मोठ्यांसाठी 'कोर्ट', जाणत्यांसाठी 'होमबाउंड'. आरंभी घरातील वडीलधाऱ्यांपैकी कोणी दहा मिनिटे मराठीत सांगावे : हे गाव कोणते, हे आडनाव कोणाचे, ही भिंत कसली. नंतर मुलांनी इंग्रजीतून विचारले तरी चालेल. उत्तर मात्र शक्यतो मराठीत द्यावे. आजी-आजोबा भेटीस आले असतील तर ते काम त्यांच्याकडेच सोपवावे.

आचार्य अत्रे यांच्या 'महात्मा फुले' चित्रपटाच्या मुहूर्ताला १९५४ च्या जानेवारीत बाबासाहेब स्वतः उपस्थित होते. पुढे त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचे राष्ट्रपती रौप्यपदक मिळाले. परंतु बाबासाहेब मुहूर्ताला गेले तेव्हा पदकाचा प्रश्नच नव्हता. जोतिरावांची गोष्ट पडद्यावर यावी, हे महत्त्वाचे होते. येत्या डिसेंबरात पंधरांची यादी जाहीर होईल. तीत आपली कथा असली तर आनंद आहे, नसली तरी आपल्या घरातील कार्यक्रम थांबविण्याचे कारण नाही.