लहान समूह, उघडे दार

गेल्या काही वर्षांत आमच्या माजी विद्यार्थ्यांत एक बदल आम्हांस जाणवतो. फेसबुकवर पूर्वी रोज लिहिणारे अनेक जण आता तेथे मौन बाळगतात; मात्र दहावीच्या तुकडीच्या, गावाच्या किंवा बुद्धविहाराच्या लहानशा व्हॉट्सॲप गटात मनमोकळेपणाने बोलतात. अफाट गर्दीत ऐकणारा दिसत नाही. कोणाचा मजकूर पुढे यावा हे यंत्र ठरविते आणि भडक तेच आधी पुढे येते. बाबासाहेबांच्या जयंतीविषयी दोन ओळी लिहिल्या, तरी अनोळखी माणसे जात काढून शिवीगाळ करतात. अशा ठिकाणाहून माणूस उठून आपल्या माणसांत येऊन बसला, तर ते स्वाभाविकच आहे.

इतिहासाच्या अभ्यासकास याचे नवल वाटणार नाही. १९२० साली 'मूकनायक' निघाला, तेव्हा पैसे देऊ केले असतानाही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापण्यास नकार दिला. मोठ्या व्यासपीठावर जागा नव्हती, म्हणून स्वतःचे लहान व्यासपीठ उभारावे लागले. बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी आपल्या सोलापुरात वसतिगृह उघडले. नगरपालिका त्यास दरमहा ४० रुपये अनुदान देई. तेथील विद्यार्थ्यांनी 'सरस्वती विलास' हे मासिकही चालविले. ती मूठभर मुले एका छपराखाली आली, ती बाहेरच्या जगात ताठ मानेने उतरण्यासाठी.

हे आज विसरता कामा नये, कारण समूह लहान आहे म्हणून तो आपोआप चांगला होत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी समजून, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. भिक्षा मागून जगणारी ही माणसे. त्यांतील बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातील. तशा अफवा तेव्हा मोबाइलवरून मोबाइलवर, ओळखीच्यांकडून ओळखीच्यांकडेच फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविण्याची मर्यादा जाहीर केली. परंतु "हे खरे कशावरून?" असे विचारणारा एक तरी माणूस गटात असावा, हाच खरा बंदोबस्त.

पोटजातीचे, भावकीचे, गटातटाचे बंद समूह आपल्यातही वाढत आहेत. समाजाच्या एका भागातील विचार दुसऱ्या भागापर्यंत पोहोचविणाऱ्या वाटा मोकळ्या असाव्यात, असे बाबासाहेबांनी १९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये मांडले. ज्यांच्या पूर्वजांना गावकुसाबाहेर ठेवले गेले, त्यांनी स्वतःभोवती नवे गावकूस उभारू नये.

म्हणून माजी विद्यार्थ्यांस आमचे सांगणे एवढेच: आपला गट अवश्य जपा. त्यात शिष्यवृत्तीची मुदत कळवा, परीक्षेची पुस्तके फिरवा, अडलेल्याची फी भरा. आणि गटात नसलेल्या, मोबाइलही नसलेल्या मुलापर्यंत ती माहिती स्वतः जाऊन पोहोचवा.

जय भीम!