बोट कुणी बांधली?



गेल्या सुट्टीला आमच्या खोलीवर '२०१२' नावाचा इंग्रजी पिक्चर पाहिला. रोलँड एमरिकने काढलेला, २००९ चा. एकाने जुन्या बाजारातून त्याची डीव्हीडी उचलून आणली होती. आम्ही चौघे रात्रपाळीवाले आणि आमच्यातल्या एकाचे आबा. आबांची हयात लूमवर गेली. पडद्यावर शहरं कोसळत होती, विमानं उडत होती, आमची पोरं शिट्ट्या मारत होती. आबा गप. पिक्चर संपल्यावर त्यांनी एकच विचारलं, "ती बोट बांधली त्या लोकास्नी आत घेतलं का न्हाई?"

कुणाला उत्तर देता आलं नाही. म्हणून हे लिहितो आहे.

गोष्ट थोडक्यात सांगतो. सूर्यावरून न्यूट्रिनो येतात, पृथ्वीचं पोट तापवतात, जमीन सरकते, समुद्र चढतो. हे विज्ञान खोटं आहे. न्यूट्रिनो कोट्यवधींनी दर क्षणी आपल्या अंगातून आरपार जातात आणि जवळजवळ कशालाच शिवत नाहीत. बामणाच्या अंगातून जातात तसेच आमच्याही. त्यांना विटाळ नाही. २१ डिसेंबर २०१२ आला आणि गेला, जग जागेवर राहिलं. पण अमेरिकेच्या नासाला लोकांची भीती घालवायला खुलासे करावे लागले. पिक्चरने जगभर सुमारे ७९ कोटी डॉलरचा गल्ला जमवला. भीतीचा धंदा बरा चालतो.

विज्ञान खोटं असलं तरी पिक्चरमधला हिशेब मात्र खरा आहे. तो बघा.

हे संकट पहिल्यांदा कोण ओळखतो? सतनाम नावाचा हिंदी शास्त्रज्ञ, भारतातल्या तांब्याच्या खाणीत, जमिनीच्या पोटात बसून. त्याच्या शोधावर बड्या राष्ट्रांचे पुढारी गुपचूप बैठक घेतात, चीनच्या डोंगरात अजस्र बोटी बांधायला घेतात. एका जागेचा भाव एक अब्ज युरो. बोटीवर हत्ती-जिराफ येतात, हेलिकॉप्टरला लटकून. इंग्लंडची राणी येते, सोबत तिची कुत्री. आणि सतनाम? त्याला न्यायला येणारं विमान येतच नाही. तो बायको-पोराला धरून उभा राहतो आणि फोनवर गोऱ्यांच्या बोटीला सांगतो, पूर्वेकडून लाट येते आहे. मरता मरता सुद्धा फुकटची खबर देऊन जातो.

जिराफाला हेलिकॉप्टर आहे, सतनामला नाही. महाडच्या चवदार तळ्यावर जनावर पाणी पिऊ शकत होतं, माणूस नाही. १९२७ साली बाबासाहेबांनी ज्याच्याविरुद्ध ओंजळ भरली तोच हा नियम. फक्त तळ्याच्या जागी बोट आली आहे.

आता आबांचा सवाल. बोट बांधणाऱ्यांत तेन्झिन नावाचा तिबेटी वेल्डर आहे. त्याने जोड मारले, त्याच्या हातच्या ठिणग्यांनी बोट उभी राहिली. त्याला तिकीट नाही. तो आपल्या आजीला आणि भिक्षू झालेल्या भावाला चोरवाटेने, बोटीच्या यंत्रांच्या खोलीतून आत घेतो. त्याच वाटेने अमेरिकन हिरोचं कुटुंबही आत शिरतं. म्हणजे हिरोचा जीव वाचतो वेल्डरच्या युक्तीने. पण चाकांत पाय कुणाचा सापडतो? तेन्झिनचा. आणि दरवाजा बंद करून टाळ्या कोण घेतो? अमेरिकन. मी सूतगिरणीत काम करतो. पट्ट्यात बोट गेलं तर कुणाचं जातं आणि उत्पादनाचं बक्षीस कुणाला मिळतं, हे मला पिक्चरने शिकवायला नको.

एक साथी म्हणाला, "अरे, पण ह्यात अमेरिकेचा अध्यक्ष काळा आहे, शास्त्रज्ञ हिरो काळा आहे. आपण पँथरवाले, आपल्याला आनंद नको व्हायला?" दोस्ता, १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव काळ्या भावांकडून घेतलं, ते त्यांच्यातला एकजण खुर्चीवर बसला म्हणून नाही. नीट बघ. काळा अध्यक्ष बोटीत चढत नाही, लोकांबरोबर मरतो. काळा शास्त्रज्ञ बोटीत आहे. कामगारांचं काय, असं विचारल्यावर त्याला उत्तर मिळतं: तुझा पास एखाद्या कामगाराला देऊन टाक की! आपल्यातला जो कुणी वर चढून प्रश्न विचारतो, त्याला दिलं जाणारं हेच उत्तर. व्यवस्था तुझ्या एकट्याच्या पासावर आणून ठेवायची आणि मग तुझीच लाज काढायची.

पुढे तो मोठं भाषण करतो, माणुसकीचं. दरवाजे उघडतात. पोरांचे डोळे ओले झाले. पण बाहेर उभे होते ते कोण? एक बोट बिघडली म्हणून अडकलेले तिचे प्रवासी. तिकीटवाले. माणुसकीचा दरवाजा अब्ज युरो भरलेल्यांसाठी उघडला. वेल्डर, हमाल, रंगारी यांचं काय झालं ते दाखवायच्या भानगडीत पिक्चर पडत नाही.

शेवटी बोटी निघतात आफ्रिकेकडे, कारण ती जमीन पाण्यावर राहिली आहे. मग तिथे माणसंही राहिली असतील ना? त्यांची परवानगी कुणी मागितली? पडद्यावर नवी कालगणना झळकते, वर्ष ०००१. बोटीवाल्यांनी कॅलेंडरसुद्धा आपल्या नावावर केलं.

ही गोष्ट आम्हाला नवी नाही. महाभारतातल्या प्रलयात नावेत कोण होतं? मनू, सप्तऋषी आणि सगळी बी-बियाणं. नाव बांधायला लाकूड कुणी तोडलं ते लिहिलेलं नाही. पाणी ओसरलं, आणि पुढे त्याच मनूच्या नावाने कायदा झाला. नावेत बसतो तो कायदा लिहितो. तो कायदा बाबासाहेबांच्या सत्याग्रहात २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळला गेला.

कुणी म्हणेल, टाइमपास आहे, एवढं काय मनावर घेतो? मग पिक्चर सोडा, खरं बघा. २६ जानेवारी २००१. प्रजासत्ताकाच्या सकाळी भूज हादरलं. निवाऱ्याच्या छावण्या जातीजातीच्या वेगळ्या झाल्या. २६ डिसेंबर २००४. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर त्सुनामी आली. नागपट्टिनमकडे छावणीत, पाण्यावर दलितांना अडवलं गेलं, आणि प्रेतं उचलायला आणले ते सफाई कामगार, बहुतेक आपलेच. मानवी हक्कवाल्यांनी हे नोंदवून ठेवलं आहे. ७ मे २०२० ला परदेशात अडकलेल्यांसाठी सरकारची विमानं सुरू झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले होते, गावाकडे जाणारी गाडी धरायला भुसावळकडे पायी निघाले होते. रुळांवर भाकरी पडल्या होत्या. सतनामचं विमान आलं नाही, यांनी तर विमान मागितलंही नव्हतं.

लाट जात बघत नाही म्हणतात. खरं आहे. पण वस्ती ओढ्याच्या अंगाला कुणाची, हे लाट येण्याआधीच ठरलेलं असतं. आणि छावणीचा दरवाजा लाट उघडत नाही, माणूस उघडतो.

म्हणून नुसतं रडून चालायचं नाही. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आहे. त्याचं कलम ६१ सांगतं, मदत आणि भरपाई देताना लिंग, जात, समाज, वंश, धर्म यांवरून भेदभाव करायचा नाही. हे कलम पाठ करा. याच कायद्याने प्रत्येक जिल्ह्याला आपत्तीचा आराखडा करावा लागतो. पावसाळ्याआधी कचेरीत जाऊन तो मागा. त्यात आपली वस्ती आहे का बघा. छावणी कुठल्या शाळेत, कुठल्या देवळात? देवळात असेल तर आताच हरकत घ्या. पाणी आल्यावर भांडायला वेळ नसतो. वस्तीतल्या घरांची, म्हाताऱ्यांची, बाळंतिणींची यादी आपल्या वहीत ठेवा. त्यांच्या यादीत नाव नसेल तर आपली वही पुढे करा.

एक शेवटची गंमत. त्या डीव्हीडीत दुसरा शेवटही दिला आहे. त्यात काळ्या शास्त्रज्ञाचा बुडालेला बाप जिवंत सापडतो. म्हणजे लिहिणाऱ्याने मनात आणलं तर मेलेला माणूस उठतो. पण दोन्ही शेवटांत सतनाम मेलेलाच. त्याच्यासाठी तिसरा शेवट कुणाला सुचला नाही.

सुचणार कसा? लिहिणारे बोटीत होते.

आबा, तुमच्या सवालाचं उत्तर नाही असंच आहे. बांधणाऱ्यांना आत घेतलं नाही. पण बोट कुठे जोडली आहे आणि कुठे उसवते, हे बांधणाऱ्यालाच ठाऊक असतं. एवढं त्यांनी विसरू नये.

जय भीम.