मनाच्या सातबाऱ्यावर नाव कुणाचे?

आमच्या मुळशी तालुक्यात सातबाऱ्याला जेवढा मान आहे, तेवढा क्वचितच दुसऱ्या कागदाला असेल. पुणे शहर हिंजवडी, भूगाव, पिरंगुट असे करीत डोंगरापर्यंत येऊन टेकले आणि गुंठ्याला सोन्याचे मोल आले. तेव्हापासून कुणाची नोंद कुठे आहे, हे घरातली शाळकरी पोरेही सांगू लागली आहेत. जमिनीचा असा चोख हिशेब ठेवणाऱ्या आपल्या समाजाने एक प्रश्न मात्र स्वतःला अजून नीटसा विचारलेला नाही. माणसाच्या डोक्यात जे आहे, त्याची मालकी कुणाची? त्या माणसाची, की ते वाचण्याचा दावा करणारे यंत्र ज्याच्या हाती आहे त्याची?

हा प्रश्न हवेतला नाही. तो पुण्यातच एकदा उभा राहिला होता. १२ जून २००८ रोजी पुण्याच्या सत्र न्यायालयाने विषप्रयोगाच्या एका खटल्यात व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थिनीला जन्मठेप सुनावली. निकालात परिस्थितिजन्य पुराव्याच्या जोडीला एक नवाच आधार घेतलेला होता. तो म्हणजे आरोपीच्या मेंदूचा आलेख. या निकालाने देशोदेशीच्या मेंदूतज्ज्ञांचे लक्ष पुण्याकडे वेधले. पुढे त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामीन मंजूर केला.

ही चाचणी कशी होते, ते समजून घेतले पाहिजे. डोक्यावर विद्युतअग्रांची टोपी चढवतात. माणसाने डोळे मिटून गप्प बसायचे, एका शब्दानेही उत्तर द्यायचे नाही. ध्वनिमुद्रित वाक्ये ऐकवली जातात आणि ती सगळी प्रथमपुरुषी असतात: मी तिथे गेले, मी ते विकत घेतले, मी ते त्याला दिले. मेंदूतील विद्युतलहरींचा आलेख संगणक तपासतो आणि सांगतो की, ही गोष्ट या व्यक्तीने नुसती ऐकलेली आहे की स्वतः अनुभवलेली आहे. ‘ब्रेन इलेक्ट्रिकल ऑसिलेशन सिग्नेचर’ असे या पद्धतीचे भारदस्त नाव. ती बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत पूर्वी काम केलेल्या डॉ. सी. आर. मुकुंदन यांनी विकसित केली.

मेंदूचा विद्युतआलेख ही काही भोंदूगिरी नव्हे. हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरने १९२४ साली माणसाच्या मेंदूचा पहिला आलेख टिपला, आणि त्या शोधाने फेफऱ्याच्या असंख्य रुग्णांचे निदान सोपे केले. शाळेत विज्ञान शिकवण्यात माझे आयुष्य गेले. यंत्राला नावे ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. परंतु मेंदूत वीज खेळते हे दाखवणे वेगळे आणि त्या विजेवरून गुन्हा वाचणे वेगळे. विजेच्या मीटरवरून घरात किती युनिटे जळली ते कळते, घरातली माणसे काय बोलली ते कळत नाही.

शिवाय आठवण ही पेटीत जपून ठेवलेली वस्तू नव्हे. एलिझाबेथ लोफ्टस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. चोवीस जणांना सांगण्यात आले की, लहानपणी तुम्ही बाजारपेठेत हरवला होतात. प्रत्यक्षात असे काहीच घडलेले नव्हते. तरीही सुमारे चौथ्या हिश्शाच्या लोकांना ते हरवणे पूर्णपणे किंवा अंशतः ‘आठवले’. मग पोलिस कोठडीत तीच कहाणी दिवसेंदिवस ऐकवल्या गेलेल्या माणसाच्या मेंदूत काय काय उमटत असेल?

निम्हान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २००८ सालीच या तंत्राच्या शास्त्रीयतेवर प्रश्नचिन्ह लावले आणि न्यायालयात पुरावा म्हणून त्याचा वापर थांबवावा, असे सुचवले. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात निर्णय दिला की, नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची चाचणी कुणावरही बळजबरीने करता येणार नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नसण्याचा जो हक्क घटनेच्या विसाव्या कलमात आहे, तो मौनालाही लागू आहे. तोंड मिटलेल्या माणसाच्या मेंदूला बोलते करणे हीसुद्धा सक्तीच होय.

मग प्रश्न मिटला का? नाही. कारण न्यायालयाने संमतीचे दार उघडे ठेवले, आणि ते बरोबरही होते. पण कोठडीतली संमती म्हणजे काय? हाथरस प्रकरणात २०२० साली आरोपींना या चाचणीसाठी गांधीनगरच्या प्रयोगशाळेत नेण्यात आले. आरोपी कितीही निर्घृण गुन्ह्याचा असो, ‘नाही’ म्हटले तर पाणी मुरते आहे असा संशय येणार, हे त्याला ठाऊक असते.

येथे मला एक विसंगती बोचते. आपल्या देशात एखाद्या रुग्णावर नव्या गोळीचा प्रयोग करायचा, तर आधी नैतिकता समितीची परवानगी लागते. रुग्णाला त्याच्या भाषेत सगळे समजावून सांगावे लागते. ‘मला पुढे नको’ म्हणून तो केव्हाही उठून जाऊ शकतो आणि त्याबद्दल त्याचे उपचार थांबवता येत नाहीत. सात वर्षांपुढच्या मुलावर संशोधन करायचे, तर पालकांच्या सहीखेरीज त्या मुलालाही विचारावे लागते. ज्या तंत्राची पारख अजून पुरी झालेली नाही, ते माणसावर वापरणे हाही प्रयोगच असतो. त्याला ‘तपास’ म्हटले की मात्र ही सारी कुंपणे गळून पडतात. म्हणजे गोळी घेणाऱ्याला जे संरक्षण, ते जन्मठेपेच्या दारात उभ्या असलेल्याला नाही!

हे सारे गुन्हेगारांचे, आपल्याला काय त्याचे, असे कुणी म्हणेल. त्याने चीनकडे पाहावे. २०१९ साली तिथल्या एका प्राथमिक शाळेत मुलांच्या कपाळावर मेंदूलहरी मोजणारे पट्टे बांधण्यात आले. कोणाचे लक्ष आहे आणि कोणाचे नाही, ते दिवा लागून बाईंना दिसे. ओरड झाल्यावर तो उपक्रम थांबला. उद्या असा पट्टा आपल्या शिकवणीवर्गात आला, तर किती आईबाप नको म्हणतील? टक्केवारीच्या धसक्याने आपण संमती देऊन मोकळे होऊ, आणि खिडकीबाहेरच्या पावसाकडे पाहण्याचा पोराचा हक्क कायमचा जाईल. चिली या देशाने २०२१ सालीच मेंदूतील माहितीच्या रक्षणाची तरतूद आपल्या राज्यघटनेत केली. आपण निदान चर्चा तरी सुरू करावी.

मुळशीकरांना हे सांगायला खरे तर बाहेरचे दाखले नकोत. १९२१ साली रामनवमीला इथल्या मावळ्यांनी धरणाच्या कामावर सत्याग्रह केला. पुढे सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले. मुंबईला वीज हवी होती, हे कुणी नाकारत नव्हते. ती वीज मिळालीही, आणि मुळा-नीला खोऱ्यातली गावे पाण्याखाली गेली. भांडण विजेशी नव्हते. ज्यांचे जायचे होते त्यांना विचारलेच नाही, याच्याशी होते. ‘सार्वजनिक हित’ हा शब्द तेव्हाही होता. तपास, सुरक्षा, प्रगती ही त्याचीच आजची नावे.

जमीन गेली, तरी माणूस ती मनात कसत राहतो. मनच दुसऱ्याच्या नोंदीला लागले, तर त्याने जायचे कुठे? मेंदूच्या संशोधनाला माझा विरोध नाही. अल्झायमर आणि कंपवाताने घरेच्या घरे खचतात, त्यांच्यासाठी ते व्हावेच. पण तिथेही आणि न्यायालयातही नियम एकच हवा: आधी यंत्राची परीक्षा, मग माणसाची. आणि माणसाला ‘नाही’ म्हणण्याची मुभा, ज्या ‘नाही’ची त्याला कसलीही किंमत मोजावी लागणार नाही.