यंत्राने शिकावे, पण कोणाकडून?

आज तुम्हांला एक अवघड प्रश्न विचारतो. मूत्रपिंड एकच मिळाले आहे आणि रोगी आहेत दोन. एक तीस वर्षांचा, पण रोज दारू पिणारा. दुसरा सत्तर वर्षांचा, निर्व्यसनी. मूत्रपिंड कोणाला द्याल? उत्तराची घाई करू नका.

अशी निवड माणसांना खरोखरच करावी लागली आहे. १९६० साली अमेरिकेतील सिॲटल शहरात डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी रोग्याच्या हातातील रोहिणी व नीला यांना जोडून ठेवणारी टेफ्लॉनची नळी वापरात आणली. तिच्यामुळे मूत्रपिंडे निकामी झालेल्या रोग्याचे रक्त यंत्राने वारंवार शुद्ध करता येऊ लागले. परंतु यंत्रे थोडी आणि रोगी फार! तेव्हा निवडीसाठी सात जणांची समिती नेमली गेली. रोग्याचे वय, त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे, उत्पन्न, शिक्षण, व्यवसाय हे सारे ती विचारात घेई. १९६२ साली ‘लाइफ’ साप्ताहिकाने ही हकिकत छापली, तेव्हा मोठी चर्चा झाली. उत्पन्नावरून जगण्याचा हक्क ठरवायचा काय?

तुम्ही म्हणाल, माणसे पक्षपाती असतात. मग हे काम संगणकावर का सोपवू नये? असा प्रयोग झाला आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सामान्य लोकांपुढे रोग्यांच्या जोड्या ठेवल्या. वय, दारूचे प्रमाण आणि इतर आजार एवढीच माहिती दिली व एकाची निवड करायला सांगितले. त्या उत्तरांवरून संगणकाने हिशेब मांडला, की लोक कोणत्या गोष्टीला किती महत्त्व देतात. मग मूत्रपिंडे वाटणाऱ्या आज्ञावलीत, दोन वाटण्या सारख्याच चांगल्या ठरल्या तर निवड करण्यासाठी हा हिशेब वापरून पाहिला. हे सारे संगणकातील नमुन्यावर. खऱ्या रोग्यांवर नव्हे. हे संशोधन २०१८ साली प्रसिद्ध झाले.

माझ्या मते असे संशोधन अवश्य व्हावे. आपल्या मनात दडलेले झुकते माप ते आकड्यांत उघड करते. पण हा केवळ आरसा आहे. चेहरा कसा आहे हे आरसा सांगतो. कसा असावा हे सांगत नाही. सिॲटलच्या समितीचे निर्णय संगणकाला शिकवले असते, तर उत्पन्न पाहण्याची सवयही तो इमानाने शिकला असता. वर आपण म्हटले असते, “संगणकाने ठरवले!” आणि जबाबदार मात्र कोणीच राहिले नसते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. १९७२ साली अमेरिकेत कायदा झाला आणि अशा बहुतेक रोग्यांच्या उपचारांचा खर्च शासनाने उचलला. सिॲटलचा पेच सुटला तो निवड अधिक अचूक झाली म्हणून नव्हे. “यंत्रे इतकी थोडी का?” असे माणसांनी विचारले म्हणून. दिलेल्या दोघांतून एक निवडायला शिकलेला संगणक हा प्रश्न आपण होऊन विचारत नाही.

शिक्षकांना विनंती, की सुरुवातीचा प्रश्न वर्गात विचारावा. प्रत्येकाने उत्तराबरोबर कारणही लिहावे. उत्तरांची बेरीज संगणक करील. कारणे योग्य की अयोग्य, हे मात्र तुम्हांलाच ठरवायचे आहे.