एकच दर, तीन घरें

श्रीमंत असो वा गरीब, प्रत्येकानें आपल्या प्राप्तीवर शेंकडा अमुक इतका कर द्यावा, दर सर्वांस एकच असावा, पायऱ्या नकोत, सवलती नकोत, म्हणजे सगळा घोळ मिटेल, असें प्रतिपादन करणारे सुशिक्षित गृहस्थ आम्हांस वारंवार भेटतात. म्हणणें ऐकावयास गोड आहे. एका वर्गांतील मुलांस एकच गणवेष व एकच प्रश्नपत्रिका, मग एका देशांतील माणसांस कराचा दर एकच कां नसावा? हा युक्तिवाद आमच्या विद्यार्थ्यांस सहज पटण्याजोगा आहे, म्हणूनच त्याची फोड येथें करण्याचें योजिलें आहे. शेंकडेवारी शिकलेल्या कोणाही मुलास ती समजेल. आणि त्याच्या वडीलधाऱ्यांस तर ती समजणें अगत्याचें आहे, कारण या सौद्यांत कोणाच्या पदरांत काय पडतें हें त्यांस सांगणारे थोडे.

प्रथम एक भेद लक्षांत घेतला पाहिजे. सर्वांकडून सारखी रक्कम घेणें निराळें आणि सारख्या दरानें घेणें निराळें. शिरगणतीच्या वेळीं धनवान व दरिद्री या दोघांनींही नेमका अर्धा शेकेलच द्यावा, असा नियम निर्गम ग्रंथाच्या 30 व्या अध्यायांत आहे. ती सारखी रक्कम झाली. दशमांश हा सारखा दर. परंतु त्याच शास्त्रांत तिसरा मार्गही आहे. बाळंतिणीनें अर्पणासाठीं कोंकरूं आणावें, पण तेवढी ऐपत नसेल तर पांखरांची जोडी चालेल, अशी सोय लेवीय ग्रंथाच्या 12 व्या अध्यायांत केलेली आहे. आणि मरिया व योसेफ यांनीं हीच सवलत घेतली, हें लूककृत शुभवर्तमान वाचणारांस ठाऊक आहे. ऐपत पाहून मागणें हा कांहीं आजच्या अर्थशास्त्र्यांनीं लाविलेला शोध नव्हे.

सारख्या रकमेचा कर आतां उरला नाहीं, असें मात्र कोणीं समजूं नये. महाराष्ट्रांत 1975 च्या कायद्यानें आलेला व्यवसाय कर पाहा. ज्या पुरुष नोकराचा पगार दरमहा दहा हजारांच्या वर आहे, त्यास वर्षाला 2,500 रुपये द्यावे लागतात. मग तो पगार साडेदहा हजार असो कीं दीड लक्ष असो. (स्त्रियांस 2023 पासून दरमहा 25,000 रुपयांपर्यंत माफी मिळाली, ही समाधानाची गोष्ट होय.) साडेदहा हजारांच्या नोकरास हा कर शंभर रुपयांमागें सुमारें दोन रुपये पडतो, दीड लक्षांच्या अधिकाऱ्यास तोच शंभरामागें चौदा पैसेदेखील पुरता पडत नाहीं. यांत लबाडी कोणाचीच नाहीं. घटनेच्या 276 व्या कलमानें या कराची कमाल मर्यादा आरंभीं वर्षास 250 रुपये ठेविली, 1988 च्या दुरुस्तीनें ती 2,500 केली, आणि ती तेथेंच थांबली. खालचा पगारदार मर्यादेस केव्हांच पोंचला. वरच्यास तिच्या पलीकडे नेण्याचा अधिकार राज्यास नाहीं.

आपल्या वाडवडिलांस याहून कठोर अनुभव मिठाचा आला. मीठ गरीब कमी खात नाहीं. उन्हांत राबणारा तर कांहींसें अधिकच खातो. तरी मिठावरील कर 1923 सालीं मणामागें सव्वा रुपयावरून अडीच रुपये झाला, आणि इतका गवगवा झाला कीं पुढच्याच वर्षीं तो पुन्हा सव्वा रुपयावर आणावा लागला. नामदार गोखल्यांनीं 1902 सालीं वरिष्ठ कायदेमंडळांतील अंदाजपत्रकावरील आपल्या पहिल्या भाषणांत याच कराविरुद्ध आवाज उठविला होता. 1903 सालीं तो अडीचाचा दोन रुपये झाला. दांडीची यात्रा 1930 ची व करास मूठमाती 1947 सालीं, हें मुलें इतिहासांत शिकतातच. गांधीजींनीं इतक्या करांतून मीठच कां निवडिलें, याचें उत्तर मात्र इतिहासापेक्षां गणितांत अधिक स्पष्ट सांपडतें.

दराच्या सारखेपणावर नेमकें बोट ठेविलें तें डॉ. आंबेडकरांनीं. 1927 सालीं मुंबई कायदेमंडळांत अंदाजपत्रकावर बोलतांना त्यांनीं शेतसारा व प्राप्तीवरील कर यांची तुलना केली. प्राप्तीच न झाल्यास प्राप्तीवरील कर द्यावा लागत नाहीं, आणि प्राप्ति वाढेल तसा त्याचा दर चढतो. सारा मात्र पीक बुडालें तरी चुकत नाहीं, आणि लहान खातेदार व मोठा जमीनदार यांस एकाच दरानें लागतो, हा त्यांचा आक्षेप होता. परभणी जिल्हा त्या वेळीं निजामाच्या राज्यांत असल्यानें तें भाषण येथल्या शेतकऱ्याच्या कानीं पडलें नसेल. परंतु साऱ्याचें ओझें त्यास समजावून सांगण्यास भाषणाची गरज होती असें आम्हांस वाटत नाहीं.

आतां आजच्या काळाकडे येऊं. गरीब कर भरतच नाहीं, भरतो तो मध्यमवर्ग, हें वाक्य आपण नित्य ऐकतों. तें खोटें आहे. ताडकळसच्या बाजारांत आलेली शेतमजूर बाई मोबाइलमध्यें 299 रुपयांचें रिचार्ज घालते, तेव्हां त्यांतले सुमारें साडेपंचेचाळीस रुपये वस्तु व सेवा कराचे असतात. दर 18 टक्के, आणि बंगल्यांतल्या शेटजींसही तोच 18 टक्के. शेतकरी कपाशीसाठीं रासायनिक औषध आणतो, त्यावरही 18 टक्के. व्यापाऱ्यास खरेदीवर भरलेला कर पुढच्या करांतून वळता करून घेतां येतो. ज्याचा माल करमुक्त त्या शेतकऱ्यास ती सोय नाहीं. 22 सप्टेंबर 2025 पासून साबण, तेल, बिस्किटें यांवरील दर 18 चा 5 झाला, वह्या व पेन्सिली करमुक्त झाल्या, हें चांगलें झालें, आणि आमच्या पालकांस तें दुकानांत जाणवलेंही असेल. परंतु दर कमी झाला तरी तो सर्वांस एकच आहे. म्हणजे ज्या सरसकट कराची मागणी हे गृहस्थ करितात, तो गरिबांच्या वांट्यास आधींच आलेला आहे.

तोच न्याय आतां प्राप्तीवर लावून पाहूं. हिशेबाच्या सोयीसाठीं तीन घरें धरूं, प्रत्येकांत कमावतें माणूस एक. पहिल्यांत मजुराची वर्षाची प्राप्ति 1,44,000 रुपये, दुसऱ्यांत शिक्षकाची 12 लक्ष, तिसऱ्यांत व्यापाऱ्याची 50 लक्ष. कोणासही सूट न देतां 15 टक्के दर लाविला, तर मजुराच्या घरांतून दरमहा 1,800 रुपये जातील आणि 10,200 उरतील. व्यापाऱ्याचे वर्षाला साडेसात लक्ष जातील आणि साडेबेचाळीस लक्ष उरतील. आंकड्यानें व्यापाऱ्यानें पुष्कळ दिलें हें खरें. पण मंदिराच्या भांडारांत दोन टोल्या टाकणाऱ्या विधवेची गोष्ट ज्यांनीं ऐकली आहे, ते मागें काय उरलें हें विचारल्यावांचून राहणार नाहींत.

समंजस पुरस्कर्ते यावर म्हणतात कीं, पहिल्या 4 लक्षांस सूट देऊं आणि वरच्यावरच 15 टक्के घेऊं. ठीक. मजूर सुटला. शिक्षकास उरलेल्या 8 लक्षांवर 1,20,000 रुपये द्यावे लागतील. 2025-26 या वर्षाच्या नव्या करपद्धतीप्रमाणें त्याचा कर शून्य आहे, कारण 12 लक्षांपर्यंत जो कर निघतो तो माफ होतो. व्यापाऱ्यास 46 लक्षांवर 6,90,000 पडतील. त्याच वर्षाच्या पायऱ्यांनीं, उपकर सोडून, त्याचा कर 10,80,000 होतो. म्हणजे त्याचे 3,90,000 रुपये वांचले. दोन्ही पद्धतींचा आंकडा जुळतो तो बरोबर 24 लक्षांवर. तेथें कोणत्याही रीतीनें 3 लक्षच येतात. त्याखालीं आज ज्यास कांहीं कर पडतो तो प्रत्येक जण अधिक देईल, त्यावरचा प्रत्येक जण कमी देईल. सोपेपणाच्या नांवाखालीं टाळ्या वाजविणारे बहुतेक सद्गृहस्थ या रेषेच्या कोणत्या बाजूस आहेत, हें त्यांनीं एकदां आपल्या पगाराच्या कागदावरून ताडून पाहावें.

एका दराच्या बाजूस कांहींच नाहीं, असें आमचें म्हणणें नाहीं. एस्टोनियानें 1994 सालीं 26 टक्क्यांचा एकच दर लाविला, रशियानें 2001 सालीं 13 टक्क्यांचा. करचुकवेगिरीनें जर्जर झालेल्या राज्यांस त्याचा उपयोग झाला, आणि रशियाची वसुली त्यानंतर वाढली. आपल्याकडेही 1973-74 सालीं वरच्या प्राप्तीवर शेंकडा 97.75 पर्यंत कर चढला होता. त्या वेड्या दरानें काळा पैसा तेवढा पोसला. तथापि रशियानें 2021 सालीं मोठ्या प्राप्तीवर 15 टक्क्यांची वरची पायरी घातली, आणि 2025 पासून तेथें 13 पासून 22 टक्क्यांपर्यंत पांच पायऱ्या झाल्या आहेत. शिवाय पायऱ्यांचा हिशेब सातवीचा मुलगा करील. अवघड आहे तें प्राप्ति कशास म्हणावयाचें, खर्च कोणता वजा करावयाचा, हें ठरविणें. आणि दर एक केल्यानें त्यांतली एकही गांठ सुटत नाहीं.

राहतां राहिली एक पळवाट. सुटीची मर्यादाच 12 लक्ष करावी आणि वर 15 टक्के घ्यावे, म्हणजे शिक्षकही वांचेल. वांचेल खरा, पण मग व्यापाऱ्याचा कर 5,70,000 वर येईल, आणि तिजोरींत त्याच्याच घरामागें पांच लक्षांहून अधिक तूट पडेल. दर वाढवून ती भरूं म्हटलें, तर 50 लक्षांवर आजचाच आंकडा आणण्यास तो सुमारें साडेअठ्ठावीस टक्के करावा लागेल, आणि 20 लक्षांचा माणूस दोन लक्षांऐवजीं सुमारें 2,28,000 भरूं लागेल. तो न वाढविला, तर सरकारास तूट भरण्याचा सर्वांत सोपा मार्ग दुकानांतल्या मालावरून जातो. आणि 1923 सालीं तूट भरावयाची होती तेव्हां सरकारची नजर प्रथम मिठावर गेली होती.