दोन किलोची काच

2023 च्या जुलैत आमच्या आरव्हीच्या दाराची काच घसरली. वर बोटभर फट, आणि खालची कड चौकटीत रुतलेली. बायकोने आतून टॉवेल कोंबला आणि म्हणाली, "अगदी एसटी झाली रे आपली!" पावसाळ्यात न लागणाऱ्या खिडकीत पेपरची घडी खोचून ज्यांनी एसटीचा प्रवास केलाय, त्यांना वेगळं सांगायला नको.

आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. आमची गाडीमागे ओढायची, सेकंडहँड, 24 फुटी. आत पलंग, शेगडी, बेसिन, झालंच तर संडाससुद्धा. अमेरिकेतल्या बहुतेक आरव्ही इंडियाना राज्यात एल्कहार्टच्या आसपास बनतात. घाईघाईने बनतात, असं त्या वापरणारे म्हणतात. आता मीही म्हणतो.

या गाडीचं दार बाहेरून भक्कम दिसतं, पण ते असतं सँडविच. ॲल्युमिनियमची चौकट, मधे फोम आणि प्लायच्या पट्ट्या, वरून पातळ आवरण. काचेच्या फटीतून पाणी आत शिरलं की बाहेर यायला वाट नाही. प्लाय कुजतं, आवरण पापुद्र्यासारखं सुटतं आणि दार फुगतं. म्हणजे टॉवेलवर फार दिवस भागणार नव्हतं.

डीलरकडे गेलो. काउंटरवरच्या मुलाने फोटो पाहिला आणि सांगितलं, "आम्ही काच वेगळी करत नाही. दार बदलावं लागेल." नवं दार अकराशे डॉलर, मजुरी वेगळी, आणि नंबर लागायला सात आठवडे. सात आठवड्यांनी इथला उन्हाळाच संपतो!

मग मी ते केलं जे असे दोन आकडे ऐकल्यावर कुठलाही शिकलेला माणूस करतो. हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉनची नळी आणली, काच वर ढकलली आणि फटीत सिलिकॉन भरलं. छान दिसत होतं. तीनशे मैलांचा प्रवास झाला आणि काच पुन्हा खाली.

इथे एक कबुली द्यायला हवी. माझी डॉक्टरेट पॉलिमरच्या 'क्रीप'वर आहे. डिंकासारख्या पदार्थावर थोडंच पण कायमचं वजन ठेवलं, तर तो तुटत नाही, मुंगीच्या पावलाने सरकत राहतो. ऊन लागलं की जास्त वेगाने. यावर मी पाच वर्षं आलेख काढले. आणि त्यातलाच एक आलेख रोज माझ्या दारात उभा होता, तो मला ओळखता आला नाही.

ओळखला तो कॅम्पग्राउंडवरच्या शेजारच्या आजोबांनी. चाळीस वर्षं इमारतींच्या खिडक्यांना काचा बसवण्याचं काम केलेला माणूस. मी काय शिकलोय ते त्यांना आदल्या रात्री शेकोटीपाशी कळलं होतं. त्यांनी काचेवर टिचकी मारली आणि विचारलं, "काय डॉक्टर, ही काच उभी कशावर आहे?"

कशावरच नव्हती. काच जेमतेम दोन किलोची, पण ते सगळं वजन चिकट ब्युटाइल टेपवर टाकलेलं होतं. टेपचं काम पाणी अडवण्याचं. वजन पेलायला काचेच्या खाली कडक रबराचे दोन ठोकळे लागतात, रुंदीच्या चौथाई अंतरावर दोन्हीकडून एकेक. कुठल्याही घराच्या खिडकीत ते असतात. आमच्या दारात कारखान्याने घातलेलेच नव्हते.

पुढचा शनिवार त्यात गेला. आतल्या बाजूच्या कड्याचे चौदा स्क्रू काढायचे, तेव्हा बाहेरून कोणीतरी काच धरायची (बायको, शेरे चालू). खरा वेळ खाल्ला तो माझ्याच सिलिकॉनने. त्याचा नुसता तेलकट थर जरी राहिला, तरी त्यावर पुढे काहीच धड चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून, आधी मिनरल स्पिरिट, मग अल्कोहोल, असं चौकट स्वच्छ होईपर्यंत. मग ठोकळे, पाणी निघून जायची भोकं मोकळी ठेवून. चहूकडे तीन मिलिमीटरची मोकळीक, कारण ॲल्युमिनियम तापलं की काचेच्या अडीचपट पसरतं. आमच्याकडे हिवाळ्यात उणे वीस आणि उन्हात तापलेली चौकट पन्नास अंश; अर्ध्या मीटरवर दोघांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडतो. शिवाय ही टफन्ड काच, कडेला धातू टोचला तर एका क्षणात चुरा. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा, कारण टेप सावकाश दबते. खर्च तीस डॉलरच्या आत.

आता मूळ मुद्दा. डीलर लबाड होता असं मला वाटत नाही. त्याच्या कारागिराचा तास पावणेदोनशे डॉलरचा. काच खोलायला, साफ करायला, बसवायला तीन तास, आणि फुटली तर भुर्दंड त्याचा. अख्खं दार तासाभरात बदलून होतं. हिशेब बरोबर आहे. मला खटकतं ते एवढंच, की 'आम्हाला परवडत नाही'चं काउंटरवर येईपर्यंत 'दुरुस्त होत नाही' झालेलं असतं. त्या मुलाचा स्वतःचाही तसाच विश्वास होता. त्याने काच बसवताना कोणाला पाहिलेलंच नव्हतं.

इथे दुरुस्तीच्या हक्काचे कायदे होताहेत. मॅसॅच्युसेट्समध्ये 2012 साली गाड्यांसाठी झाला, कोलोरॅडोत 2023 साली शेतीच्या यंत्रांसाठी. चांगलंच आहे. पण ते कंपन्यांनी दडवलेली माहिती आणि सॉफ्टवेअरची कुलपं यांच्यासाठी. माझ्या दाराला कुलूप कुठे होतं? चौदा साधे स्क्रू होते. विचारायला माणूस नव्हता, आणि भेटला तो निवृत्त झालेला. त्यांच्यामागे हे काम कोणी शिकलं का, असं मी विचारलं. मुलगा विम्याच्या कंपनीत आहे म्हणाले.

भारतात सरकारने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. पण सुट्टीत घरी आलो की 'अख्खा पार्टच बदलावा लागेल, साहेब' हे वाक्य मला आता तिथेही ऐकू येतं. आणि आपण वर मान डोलावतो, कारण नवं म्हणजे चांगलं काम! मी तरी हल्ली एक प्रश्न विचारतो: यातला नेमका कुठला तुकडा गेलाय? निम्म्या वेळा समोरच्याला ते सांगता येत नाही.

असो. रविवारी संध्याकाळी आजोबांनी पाण्याचा पाइप घेतला आणि खालून वर, सावकाश, दहा मिनिटं दार भिजवलं. आत बायको टॉर्च घेऊन बसली होती. एक थेंबही आला नाही. पैसे त्यांनी घेतले नाहीत. कांदेपोह्यांची बशी मात्र दोनदा भरून घेतली.