दुवा पाठवला म्हणजे गणित सुटत नाही

आमच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर दर विकांताला एक ठरलेला खेळ चालतो. रत्नागिरीहून ताई दहावीतल्या भाच्याच्या वहीचा फोटो टाकते, "हे कुणाला येतंय का रे?" की लगेच पुणे, बंगळूर, न्यू जर्सीहून मामा-काका मंडळी धडाधड दुवे फेकतात. खान अकॅडमी बघ, हे ॲप घे, तो व्हिडिओ लाव. सगळं फुकट! पाच जणांचे पाच दुवे, आणि पाचही जण मोकळे.

ही मदत नव्हे. ही कटकट टाळायची सभ्य रीत आहे.

जालावर चांगलं काही नाही असं नाही. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत, 'दीक्षा' २०१७ पासून आहे. पण मराठी माध्यमातल्या पोराने हिंदी व्हिडिओ लावला की काय होतं? पुस्तकात 'वर्गसमीकरण', व्हिडिओत 'द्विघात समीकरण'. 'विवेचक'चा झाला 'विविक्तकर', 'संभाव्यते'ची 'प्रायिकता'. गणित अडलंय की शब्द अडलाय, हे त्याचं त्यालाच कळत नाही. आता बोला!

मग येतात फोटो काढला की उत्तर देणारी ॲप्स आणि गेल्या दोन-तीन वर्षांतली एआय मंडळी. ती मराठीतही बोलतात, उत्तरंही बहुतेक वेळा बरोबर देतात. अडचण तिथेच आहे. भाच्याचं परवाचं उदाहरण घ्या: एक्सचा वर्ग, उणे ५ एक्स, अधिक ६ बरोबर शून्य. ॲपने २ आणि ३ सांगितलं, त्याने सुबक अक्षरात उतरवून काढलं. मी म्हटलं, "तू आधी काय केलं होतंस ते खोडलेलं पान पाठव." त्यात उणे ५ चा वर्ग करताना त्याने कंस घातला नव्हता, म्हणून उणे २५ आलं. विवेचक १ यायचा तो उणे ४९ आला, आणि खाली गडी लिहून मोकळा: मुळे वास्तव नाहीत! वर्गसमीकरण त्याला येत होतं. घोळ सातवीतल्या कंसाचा होता. यंत्राला ते पान दाखवून "चूक शोध" म्हटलं तर तेही शोधेल म्हणा, पण तसं विचारायचं असतं हे पोराला कोण सांगणार?

गंमत म्हणजे ज्या खान अकॅडमीचे दुवे आपण फेकतो तिचा जन्मच उलट रीतीने झाला. सलमान खान (सिनेमावाला नव्हे!) २००४ साली बोस्टनला हेज फंडात नोकरी करत होता. न्यू ऑर्लिन्सची बहीण एककांच्या रूपांतरात अडली, तर हा हापिसातून आल्यावर फोन आणि याहू डूडलवर तिला शिकवायला बसायचा. यूट्यूबवरचे व्हिडिओ २००६ चे, म्हणजे नंतरचे. आधी एक माणूस एका पोरीसाठी बसला होता.

आपल्याकडे काय? दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे रघुनाथ परांजपे १८९९ ला केंब्रिजचे सीनियर रँग्लर झाले, हे फॉरवर्ड दरवर्षी न चुकता येतं. कोकणी माणूस आणि गणित, वगैरे वगैरे. अभिमान करायला वेळ आहे, पण भाच्याला अर्धा तास द्यायचा तर "अरे, रिलीज आहे".

मी शनिवारी सकाळी व्हिडिओ कॉल लावतो. पावसात तिकडची रेंज जाते, मग नुसत्या फोनवर. बालभारतीचं तेच पान दोघांसमोर उघडं, शब्द पुस्तकातलेच, आणि पेन त्याच्या हातात. उत्तर मी सांगत नाही, त्यामुळे तो वैतागतो. "मामा, ॲप बरं तुझ्यापेक्षा," असंही म्हणून झालंय. ज्यांना खरंच वेळ नाही त्यांनी निदान पाठवायचा तो व्हिडिओ आधी स्वतः शेवटपर्यंत बघावा. आमच्या ग्रुपवर असा एकही काका अजून निघालेला नाही.